आमच्या वर्गातली ‘मले’

‘हे कुणी केलं?’ असं बाईंनी विचारलं की आम्ही सगळ्या खाली बघायचो. ती मात्र थेट बाईंच्या डोळ्यांत बघून सांगायची. स्वतः केलेलं असलं तरी. नववीत ती बडनेऱ्यापलीकडच्या खेड्यातून आमच्या अमरावतीच्या शाळेत आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, “बाई, मले फळ्यावरचं दिसून नाही राह्यलं.” वर्ग हसला आणि तिचं नाव ‘मले’ पडलं. घरी आम्हीही तसंच बोलायचो, पण शाळेच्या फाटकाच्या आत नाही.

तिला माझ्या शेजारी बसवलं. हसण्यात पुढे असायची ऋचा. वर्गाच्या ग्रुपवर कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, हे तीच ठरवायची. मलेच्या बाकावर रोज काहीतरी घाणेरडं लिहिलेलं असे. मले ते ओल्या रुमालाने पुसायची आणि म्हणायची, “अक्षर चांगलं हाये लिवणारीचं.”

तिला काहीच लागत नाही, हे ऋचाला सहन होईना. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात सहल निघाली, तेव्हा बसमध्ये चढता चढता ती माझ्या कानाशी म्हणाली, “तुझ्याशी बोलते ना ती? रेकॉर्ड कर. नाहीतर तूही कायमची तिच्याबरोबरच बस.”

रेकॉर्डिंग सुरू करून मी फोन मांडीवर उलटा ठेवला. “तुला खरंच काही वाटत नाही?” मी विचारलं.

ती खिडकीकडे वळली. “वाटते ना. रोज सकाळी पोट दुखते माहं, शाळेत जाचं म्हटलं का. मायले नाही सांगत. ते शाळा बंद करंल माही.”

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी ते ऋचाला पाठवलं. अकोला येईपर्यंत मागच्या सीटवरून मलेच्या आवाजाची नक्कल सुरू झाली होती, “पोट दुखते माहं.” मलेने माझ्याकडे एकदा बघितलं. मी फोन दप्तरात कोंबला.

सोमवारी मुख्याध्यापिका वर्गात आल्या. बसमधला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. रेकॉर्डिंग कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. ऋचाची नजर मला पाठीत टोचत होती. मी खाली बघितलं. मले उभी राहिली.

“इनं केलं,” माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. “करायले ऋचानं लावलं. पण मी ते फक्त इलेच सांगतलं होतं.”

मला आणि ऋचाला आठवडाभर घरी बसवलं. परतले तेव्हा ग्रुपमधून माझं नाव गेलं होतं आणि डब्याला कुणी बोलावत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मले समोर येऊन बसली. “राग हाये मले तुया,” डबा उघडत ती म्हणाली. “पण एकटीनं जेवनं कसं असते, मले मालूम हाये.”

दहावीनंतर कृषी पदविकेसाठी ती अकोल्याला गेली. बडनेऱ्याच्या फलाटावर मी पहिल्यांदा तिची माफी मागितली. तिने नेहमीसारखं सरळ माझ्याकडे बघितलं.

“अजून नाही केलं माफ. करावं वाटलं का सांगीन,” ती म्हणाली. “येत जाय.”

दोन वर्षं झाली. दर काही महिन्यांनी मी अकोल्याला जाते. ती मला तिथली शेतं दाखवते, आम्ही एका ताटात जेवतो. तिने अजून काही सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.