दादांच्या गाडीचं टायमिंग

दादा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी पेट्रोलच्या गाड्या कानानं लावल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि दुसऱ्या हातानं ठिणगी वाटणारा डिस्ट्रीब्यूटर केसभर इकडं, केसभर तिकडं. ठिणगी वेळेवर पडायला लागली की म्हणायचे, "हां, आता कशी गाते!" मग मी स्टिअरिंगवर बसायचं, ब्रेक दाबून गिअर टाकायचा, क्लच अर्धा सोडायचा आणि इंजिन दम धरतं का ते बघायचं. घरात हे काम माझंच.

पुढं दादांचे कान गेले. पण कबूल करतील तर दादा कसले! "तुम्हीच सगळे पुटपुटता," म्हणून आमच्यावरच उलटायचे.

माझं लग्न ठरलं तसं त्यांनी सांगून टाकलं, "माझी लेक माझ्याच गाडीतून जाईल. सासरी सोयगावपर्यंत मी सोडणार." सासरचे बिचारे हो म्हणाले. आमची म्हातारी गाडी मात्र नेमकी तेव्हाच रुसली. गिअर टाकला की थरथरायची आणि बंद पडायची. पाठवणीला चाकाखाली नारळ ठेवतात, तो फोडून गाडी पुढं गेली पाहिजे. तिथंच बंद पडली तर अपशकुन, आणि बायकांना जन्मभराचा विषय.

मला हळद लागली नाही तोच अंगणातून हाक आली, "ये गं, क्लच दाब!"

"अहो, हळदीच्या पोरीला उंबरा ओलांडू देतात का कुणी?" आई कडाडली. ऐकणार कोण? मी दात-ओठ खात गेले. पिवळ्या पायानं क्लच दाबला, गिअर टाकला, हळूच सोडला. गाडी कण्हायला लागली.

"दादा, ठिणगी उशिरा पडतीये! टायमिंग पुढं घ्या!"

"अं?"

"पुढं! पुढं घ्या!"

"मला शिकवतीस व्हय?" ते भडकले. मूठ कानाला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कसलं समाधान! "लई ब्येस गाते," म्हणाले. मला रडूच फुटलं. औरंगपुऱ्यातला मिस्त्री बोलवू का, असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "त्या बॉनेटला दुसऱ्याचा हात लागला तर हा माणूस मांडवात उभा राहणार नाही." काय करणार? माझ्या हातात काहीच नव्हतं.

पाठवणीला मागच्या सीटवर मी आणि नवरा, पुढं नवा फेटा बांधलेले दादा. चाकाखाली नारळ. ढोल-ताशेवाले अगदी खिडकीशी, सगळी गाडी हादरत होती. दादांनी गिअर टाकला, क्लच अर्धा धरला आणि बायकांचं ओवाळणं संपायची वाट बघत बसले. तेवढ्यात गाडीनं बारीक गचका दिला. तो गचका मी झोपेतसुद्धा ओळखीन. इंजिन गेलं होतं.

दादांना पत्ताच नाही. ढोलाचा हादरा त्यांना इंजिनाचा वाटत होता. गिअरवर हात ठेवून, मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "बघितलंस? पडली का बंद?"

मी हसले. दुसरं काय करणार होते?

ओवाळणं झालं. ढोल थांबला. माणसं बाजूला झाली आणि इंजिनाचा आवाजच नाही हे सगळ्यांना कळलं. दादांनी ॲक्सिलरेटर दाबला, क्लच सोडला. परत दाबला. लोकांचे चेहरे त्यांनी एकदा बघितले. मग आरशातून माझ्याकडं बघत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "चालू हाय का गं?"

गाडीचं काही त्यांनी मला विचारायची ती पहिलीच वेळ. आणि मला "नाय, दादा" म्हणायचं होतं, तेही ओरडून.