लेखकाने गाळलेली बायको

माझी वहिनी वाचणारी बाई नव्हती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर चर्चच्या मंडळीतल्या बायका तुम्हाला सांगतील की ती लहानपणापासून भक्तीची पुस्तकं उशाशी घेऊन झोपायची. काहीतरीच! ती शिवणकाम करायची, आणि उशाशी असलीच तर कात्री असायची. वाचणारा होता माझा दादा. दिवसभर गोदामात काट्यावर वजनं करायचा आणि संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट सांभाळायचा. कुणी पुस्तक परत आणलं की त्याला दोन गोष्टी विचारायचा: काय पटलं आणि काय पटलं नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने बरेच जण पुस्तक न्यायचेच नाहीत.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समज तेवढी राहिली. यांना सगळं कळतं, फक्त बाहेर काही येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ‘देवाची कृपा’ असं सगळे म्हणाले. मला विचाराल तर समज राहिली ही कृपा की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. माझा नवरा गेल्यापासून दुपारचा चहा दादाकडेच. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कुणाच्या साक्षीत ऐकलेलं नाही.

दुपारी चादर बदलून, पाठीला पावडर लावून, टाचांखाली उशा सरकवून झाल्या की वहिनी खाटेजवळ खुर्ची ओढायची. उशा तिनेच शिवलेल्या, गिऱ्हाइकांच्या पडद्यांच्या उरलेल्या कापडाच्या. त्याच्या कपाटातली पुस्तकं ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. सुरुवातीला शाळेतल्या पोरीसारखी अडखळायची. एखादी ओळ गाळली की दादा डाव्या हाताने खाटेवर थाप मारायचा. ‘झाली का चूक? बरं बाबा,’ असं म्हणून ती मागे जायची. असं करत करत सहा वर्षांत ती त्याच्याइतकी वाचक झाली. हौस म्हणून नाही, गळ्यात पडलं म्हणून.

आजारी माणसाच्या घरी लोक फळं घेऊन जातात. आमच्याकडे पुस्तकं घेऊन यायचे. ‘हे वाचून दाखवा त्यांना, विश्वास वाढेल.’ अहो, विश्वास वाढवण्यापेक्षा एक दिवस येऊन चादरी पिळा की! पण ते कोण करणार? दुरून डोंगर साजरे. वहिनी मात्र सगळी पुस्तकं वाचायची आणि एकेकाचा निकाल लावायची.

‘या पुस्तकांतली माणसं शेवटच्या प्रकरणात उठून चालायला लागतात, वन्सं,’ ती मला म्हणाली. ‘मी आता शेवटचं प्रकरण आधी बघते. माणूस चालायला लागला की पुस्तक परत.’

‘का गं? चांगलंच आहे की.’

‘त्याचं चांगलं आहे. माझ्या माणसाने ते ऐकून भिंतीकडे तोंड करायचं, आणि मी त्याला पुन्हा इकडे वळवायचं. कंबर माझी जाते.’

एका पुस्तकात प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न होते आणि उत्तरासाठी ठिपक्यांच्या ओळी. ‘आज तुम्ही प्रभूला काय अर्पण कराल?’ हे वाचून वहिनी मान वर न करता म्हणाली, ‘थोडी झोप होती, तीही गेली.’ मला हसू आवरेना. दादाच्या घशातूनही हसल्याचा आवाज आला.

एकदा मी तिला सरळच विचारलं, ‘तुझा विश्वास आहे का गं अजून?’

‘आहे,’ ती म्हणाली. ‘पण दमलाय. माझ्याबरोबर तोही जागतो ना. आता मोठ्या प्रार्थना होत नाहीत माझ्याच्याने. यांना कुशीवर वळवताना “प्रभू, धर” एवढंच म्हणते. तो धरतो की नाही माहीत नाही. पण हे अजून खाली पडलेले नाहीत.’

आणि मग ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. आलं म्हणजे दादाचंच, त्याचं सगळ्यात आवडतं, त्याने कितीदा वाचलेलं. एक धर्मोपदेशक झाडावरून पडून अंथरुणाला खिळतो आणि वर्षानुवर्षं तिथे पडून देवाजवळ धीर शिकतो, त्याची त्याने स्वतः लिहिलेली हकीकत. हा शेवटी चालत बिलत नाही. त्यामुळे वहिनीला पुस्तक पटलं. फक्त एक गोष्ट सोडून.

‘याची बायको कुठाय?’ तिने मला विचारलं.

‘मेली असेल.’

‘नाही, आहे. पहिल्या पानावर आहे बघा. “माझ्या पत्नीस, जिच्यावाचून हे शक्य नव्हतं.” नावसुद्धा नाही बाईचं. मग मी सबंध पुस्तक पालथं घातलं. खिडकी आहे, खिडकीतला पक्षी आहे, पक्ष्यावर तीन पानं आहेत. भेटायला आलेले मित्र आहेत. बायको कुठेच नाही. मग याला खाऊ कोण घालत होतं? पक्षी?’

तिला त्या गोष्टीने इतकं लागलं की मला आधी मजा वाटली, मग वाटेनाशी झाली. दोन-तीन दिवसांनी मी चहाला खाली गेले तर ती वाचत होती: ‘“सकाळच्या प्रकाशाने खोली भरून गेली आणि माझं मन स्तुतीने भरून आलं. माझी बायको कोपऱ्यात चादर पिळत होती. तिची बोटं पाण्याने सुरकुतली होती. कुणी तिला धीर धरा म्हटलं की ती मनात म्हणायची, तुम्ही आधी बादली धरा.”’

दादाने खाटेवर थाप मारली. बरोबर आहे, त्याला पुस्तक पाठ. वहिनी थांबली, चोरी पकडली गेल्यासारखी. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बोटाने पुढे, पुढे अशी खूण केली. त्या दिवसापासून त्या निळ्या पुस्तकात बायको राहायला आली. रोज दुपारी ती भांडी घासायची, औषधाला रांगेत उभी राहायची, गाऊनच्या गुंड्या तुटल्या म्हणून चिडायची. आणि दादा, जो एक ओळ इकडची तिकडे झालेली खपवून घेत नव्हता, तो गप्प ऐकायचा.

इतक्यात वहिनीच्या कंबरेने हात टेकले. त्याला उचलताना कळ आली ती थेट पायात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता उचलणं बंद, नाहीतर एकाच्या दोन खाटा होतील. नदीपलीकडे सिस्टर लोकांचं सेवागृह आहे, अशा माणसांना ठेवून घेणारं. तिथे एक खाट रिकामी झाली होती. रविवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देऊ, असा निरोप आला.

‘कळव ना मग,’ मी म्हटलं.

‘आणि यांना काय सांगू? तुम्हाला टाकून येते?’

‘मी सांगते त्याला.’

‘खबरदार, वन्सं! यांना वाटेल मी टाकलं. देवाला वाटेल मी सोडलं. कुणालाच तोंड दाखवता यायचं नाही मला.’ तिचे डोळे खोल गेलेले. मला भीती वाटली, खरंच वाटली, की ही बाई त्याच्या आधी जाईल.

शनिवारी दुपारी चर्चचे पाळकसाहेब आले. वयाने तरुण, मनाने चांगले, पण बोलायला लागले की भीक नको पण कुत्रं आवर. येताना एक नवीन पुस्तक आणलंच होतं. प्रार्थना झाली. मग खुर्चीवरचं निळं पुस्तक पाहून त्यांचा चेहरा खुलला. ‘हे तर माझंही आवडतं! वाचा ना बाई, आपण सगळेच ऐकू.’

आणि वहिनीने वाचलं. थकलेली, डोळ्याला डोळा नाही, सवयीने वाचत गेली. खिडकी वाचली, पक्षी वाचला, आणि त्याच सुरात पुढे वाचलं: ‘“माझी बायको मला वळवायला आली. वळवता वळवता तिचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि ती तशीच उभ्याने झोपली. मी हललो नाही. त्या दिवशी मी तिची एवढीच सेवा करू शकलो.”’

मी कपात बघायला लागले. पाळकसाहेबांनी रुमाल काढला. ‘वा! काय लिहिलंय! हा भाग माझ्या लक्षात कसा नाही? बाई, उद्या उपासनेत तुम्ही हेच वाचा.’

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. ‘साहेब, हे पुस्तकात नाही.’

‘नाही म्हणजे?’

‘म्हणजे नाही.’

‘तुम्ही रचलंत?’

‘रचलं नाही. लेखकाने गाळलं होतं, मी भरलं.’

साहेब दोनदा हसले, मग गंभीर झाले. ‘पण बाई, एका देवमाणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे म्हणजे...’

आता मात्र माझं डोकं फिरलं. ‘तुम्ही दर रविवारी देवाच्या तोंडी घालता की, साहेब,’ मी म्हटलं. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी कप उचलून आत गेले.

दाराशी जाताना ते तिला म्हणालेच, ‘त्या सेवागृहाचं घाईने ठरवू नका. आपल्या मंडळीत आजवर कुणी आपलं माणूस बाहेर ठेवलेलं नाही. परीक्षा थोडीच उरली असेल.’ तिने दार उघडून धरलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दार लावून ती परत खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने पुस्तक उघडलं, पण डोळे पानावर नव्हते.

‘“मग एके दिवशी माझी बायको माझ्याजवळ बसली,”’ तिने वाचायला घेतलं. ‘“म्हणाली, अहो, माझं अंग आता ऐकत नाही. सिस्टर लोकांकडे एक खाट आहे. मी रोज येईन. पण तुम्हाला टाकलंय असं वाटणार असेल, तर मी मरेपर्यंत इथेच उचलत राहीन. खरं काय ते सांगा.”’

ती थांबली. ‘पुढचं मला दिसत नाही हो,’ ती म्हणाली. ‘तो काय म्हणाला? तुम्हीच सांगा.’

दादाने मान हलवली. हो. परत हो. परत हो. इतक्या जोराने की डोक्याखालची उशी सरकली.

‘जाल तुम्ही?’

हो.

वहिनी क्षणभर बघतच राहिली आणि मग अशी उसळली म्हणता! ‘एवढ्या पटकन? सहा वर्षं मी रक्ताचं पाणी करतेय आणि तुम्ही एका झटक्यात हो? जरा विचार तरी करायचात!’ आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. दादाने डाव्या हाताने तिची बाही धरली आणि सोडलीच नाही. तो कधीचाच हो म्हणायला बसला होता, आणि आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. बोलता न येणाऱ्या माणसाला सगळे उपदेश करतात, प्रश्न कुणी विचारत नाही.

सोमवारी गाडी आली आणि त्याला नेलं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिने सेवागृहाला कळवल्याची बातमी पसरली आणि उपासनेत काही बायकांनी वहिनीशेजारी बसायचं टाळलं, तेही मी पाहिलं. वहिनी त्यांना म्हणाली, ‘माझा विश्वास कमी पडला नाही, कंबर कमी पडली,’ आणि तिने गाण्याचं पुस्तक उघडलं.

पण मला सांगायचं आहे ते मंगळवारचं. आम्ही दोघी सेवागृहात गेलो. लांब खोली, लोखंडी खाटा, शेजारच्या खाटेवर एक म्हातारा आणि त्याच्या उशाशी त्याची सून. वहिनी चारचौघांत अवघडली होती. तिने निळं पुस्तक काढलं आणि अगदी छापल्याप्रमाणे, एक अक्षर पदरचं न घालता वाचायला लागली.

दादाने पानावर पंजा ठेवला.

‘काय झालं? जसंच्या तसं वाचतेय मी आज.’

पंजा हलेना. तो तिच्याकडे बघत होता.

‘अहो, ती नाहीये या पानावर.’

तरी हलेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली केला. ‘“माझी बायको काल घरी गेली,”’ ती म्हणाली. ‘“रिकाम्या खाटेकडे बघून आधी खूप रडली. मग तिथेच आडवी झाली. झोपली. उन्हं अंगावर येईपर्यंत झोपली. कुणी तिला उठवलं नाही.”’

दादाने डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. मग पानावरचा हात उचलला, चाचपडत तिच्या मागे नेला आणि तिच्या कंबरेवर ठेवला. बरोबर तिथेच, जिथे तिला दुखतं.

सून तोंड फिरवून हसली. वहिनी कानापर्यंत लाल झाली.

‘अहो, लोक आहेत,’ ती म्हणाली. पण सरकली नाही.