बाहियाने मांडलेला शोक

इजिप्तमधल्या किना शहराच्या खाली, उसाच्या मळ्यांत वसलेल्या आमच्या गावात बाहियाइतक्या कादंबऱ्या कुणी वाचल्या नसतील. नवरा नईम याचा खून झाल्यावर ती प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली, ती कुराण वाचता यावं म्हणून. अल्लाच्या कृपेने ते आलं, आणि मग इतर काही वाचल्याशिवाय तिला राहवेना. मुलगा मुंतसिर शाळेतून जे पुस्तक आणी ते आधी आई वाचून काढी. दुपारी भाकरीचे गोळे गच्चीवर उन्हात फुगायला ठेवले की शेजारणी जमत. बाहिया त्यांना गोष्ट सांगे आणि वर आपलं मतही ठोकून देई.

त्या दिवशी पोरासोरांसाठी लिहिलेली एक कादंबरी निघाली. तिच्यातला सोळा वर्षांचा नायक बापाच्या मारेकऱ्याला एका घावात लोळवतो, आणि पुढच्याच पानावर चांदण्यात मैत्रिणीशी गप्पा मारत बसतो.

"या लेखकाने जन्मात कोंबडीसुद्धा कापलेली नाही," बाहिया म्हणाली. "माणूस असा मरतो होय? नईमच्या पोटात गोळी गेली, तेव्हा तो दुपारपासून संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत ओरडत होता. बाहेर आलेली आतडी मी ओढणीने दाबून धरली होती. तेवढं लिही म्हणावं, मग बघू किती पोरं वाचतात."

"मुंतसिरच्या आई, आम्हाला अजून जेवायचंय गं," शेजारची वहीबा तोंड वाकडं करून म्हणाली.

दुसरी कादंबरी जाडजूड होती, ममलूक सुलतानांच्या काळातली. त्यात एका अमीराला मारतात. त्याची विधवा शोक करत नाही, तीन मुलांना सुडासाठी वाढवते आणि शेवटी तिघांचीही मुंडकी वेशीवर टांगलेली बघते. शेजारणींनी डोळे पुसले.

"भाषा चांगली आहे, पण बाई मूर्ख," बाहिया म्हणाली. "लेखक तिला थोर म्हणतो. मी म्हणते, तिने पहिल्याच दिवशी दार उघडून शोक मांडला असता तर तिन्ही पोरं जगली असती."

कोपऱ्यात जपमाळ ओढणारी सासू, हाज्जा नगीया, पहिल्यांदाच बोलली. "मग तू का नाही मांडलास?"

शेजारणी उठून भाकरीचे गोळे बघू लागल्या. आमच्याकडे खून झालेल्याचा शोक सूड घेतल्याशिवाय मांडत नाहीत. दारात चटया पसरल्या, कुराण पढणारा बसला आणि बिनसाखरेची कडू कॉफी फिरली, की रक्ताचं देणं फिटलं. नईम गेला तेव्हा मुंतसिर रांगत होता. आता त्याला मिसरूड फुटलं होतं, पण नईमला मारणारा फव्वाज कालव्यापलीकडे जिवंत होता, आणि नईमच्या दारात अजून चटई पडलेली नव्हती.

संध्याकाळी लाकडं काढायला गेलेल्या बाहियाच्या हाताला भट्टीमागे बंदूक लागली. तिने मुलाला हाक मारली.

"काकांनी दिली," मुंतसिर खाली बघत म्हणाला. "उद्या फव्वाज बाजारातून परतेल तेव्हा पुलावर."

"काकांचे हात मोडलेत का?"

"ते म्हणतात, मान माझा आहे. आणि आई, त्या पुस्तकातला मुलगा तर मारेकऱ्याला लोळवून चांदण्यात निवांत गप्पा मारतो."

"तो कागदाचा मुलगा आहे. त्याला शौचालाही जावं लागत नाही."

मुंतसिर हसला नाही. बंदूक विहिरीत टाकली तर दीर दुसरी आणून देईल, हे बाहियाला ठाऊक होतं.

पहाटेची फजरची नमाज आटोपून सकाळी तिने दारात चटया पसरल्या. कालवणाच्या मोठ्या भांड्यात कॉफी चुलीवर चढवली आणि कुराण पढायला आंधळ्या शेख मुबारकना बोलावणं धाडलं. शेख आले, चाचपडत बसले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे फव्वाजला गाठलं तर."

"तुम्ही पढा," ती म्हणाली. शेखांचे शब्द तिच्या कानावरून गेले; तिचं सगळं लक्ष मुलाला घरातून बाहेर पडू न देण्याकडे होतं. रक्त न सांडता शोक मांडला तर बघणारे काय समजतील, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

गाव तेच समजलं. माणसं खाली मान घालून येऊ लागली. कुणी मुंतसिरच्या पाठीवर थाप मारी आणि तो गोंधळून आईकडे बघे. तेवढ्यात दीर अबुल वफा धावत आला आणि बाहियाच्या हातावर त्याने काठी हाणली. मनगटाचं हाड कडकन मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं.

"माझ्या भावाचं रक्त कॉफीत कालवतेस?"

त्याने पुन्हा काठी उचलली, तोच कालव्याच्या बाजूने पहिली गोळी आली. फव्वाज पहाटेच बाजाराला गेला होता. इकडे शोक मांडलेला ऐकून तो मारला गेला असं त्याच्या घरच्यांना वाटलं आणि ते पूल ओलांडून गोळ्या झाडतच आले. कॉफीचं भांडं फुटलं, उकळती कॉफी चटईवर पसरली. वहीबाच्या नवऱ्याचा कान उडाला. शेख मुबारक आडवे पडले, तरी आयत म्हणतच राहिले. अबुल वफाच्या मांडीत गोळी घुसली आणि तो गुरासारखा ओरडू लागला.

मुंतसिर बंदुकीकडे धावला नाही. काकाच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत होती. त्याने दोन्ही तळवे तिथे दाबले. रक्त बोटांमधून वर येतच होतं. त्याला वांती झाली, पण त्याने हात काढले नाहीत.

फव्वाजचा म्हातारा बाप, हाज इद्रीस, बंदूक रोखून दारात आला.

"माझा मुलगा कुठे टाकलात?"

"बाजारात असेल, टोमॅटोचा भाव करत," बाहिया म्हणाली. मोडका हात तिने छातीशी धरला होता.

"मग हा शोक कुणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा. रक्त न घेता. बसायचं तर बसा हाज, नाहीतर मलाही गोळी घाला. मुलाला मात्र मी देणार नाही."

म्हाताऱ्याने बंदूक खाली घेतली नाही. मागे पुलावरून आरडाओरडा झाला. फव्वाज गाढवगाडी हाकत येत होता आणि त्याची बायको त्याला शिव्या घालत धावत होती.  हाज इद्रीसने बंदूक भिंतीला टेकवली, वहाणा काढल्या आणि भिजलेल्या चटईवर बसला.

अबुल वफाची शुद्ध हरपत होती. वहीबाने त्याची मांडी ओढणीने आवळून बांधली, तेव्हा कुठे मुंतसिर उठला. म्हाताऱ्याने हात पुढे केला. "अल्ला तुला धीर देवो, मुला. तुझ्या बापाला जन्नत मिळो."

मुंतसिरचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्याने आईकडे पाहिलं.  त्याने हात कुडत्याला पुसले, रक्त काही निघालं नाही, आणि मग तसाच हात त्याने म्हाताऱ्याच्या हातात दिला.