गच्चीवरचा पाठमोरा फोटो

फोटोत मी पाठमोरी होते. उकिडवी बसलेली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. समोर ओल्या सुती साडीवर पसरलेले बिबडे, ज्वारीचे पापड. फोटो वरून काढलेला, लिफ्टच्या मशीनच्या खोलीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर उभं राहून. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोखाली सेक्रेटरी साहेबांनी लिहिलं होतं :

"ही आपली रेसिडेन्सी आहे की झोपडपट्टी? मागच्या विंगने थोडे संस्कार शिकावेत."

त्याखाली पिवळे चेहरे. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे. ओळीनं. कुणीतरी लिहिलं होतं, "एवढा सुंदर टेरेस व्ह्यू बिल्डरने जाहिरातीत का नाही टाकला?" त्यावर आणखी चेहरे.

मी स्वयंपाकघरात उभी राहून ते बघत होते. खरं सांगते, पहिला विचार आला तो असा, की मी एवढी रुंद कधी झाले? बाईमाणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, हे देवानं बरंच केलंय. मग पोटऱ्या दिसल्या. उघड्या. सगळ्या बिल्डिंगच्या मोबाइलमध्ये माझ्या उघड्या पोटऱ्या.  फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला, पुन्हा उचलला, आणि लिहिलं :

"सॉरी सर. परत असे होणार नाही." पुढे जोडलेले हात, दोनदा. एका जोडीनं भागणार नाही असं वाटलं असावं.

ज्यांनी फोटो काढला त्यांची माफी मी मागितली. माझ्याच फोटोबद्दल.

जळगावात आमची जुनी कॉलनी होती, बैठी, पत्र्याची. ती पाडली. बिल्डर म्हणाला, उंच बिल्डिंग देतो. दिली. पुढची विंग नव्या लोकांना विकली, मागची आम्हा जुन्यांना. पुढच्या विंगला रस्ता, झाडं, सूर्य. आमच्या खिडक्या उघडतात पाइपांच्या अंधाऱ्या बोळकांडीत. ऊन आमच्या घरात येत नाही. नवं घर आहे, टाइल्स आहेत, लिफ्ट आहे, ऊन नाही. गच्ची तेवढी दोन्ही विंगांची मिळून एक.

आणि माझं पोट उन्हावर. माझा नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला होता, तो बंद पडला. ते आता मिळेल त्या कामाला जातात, नाही मिळालं की घरी येऊन पंखा पुसतात. आमच्याइतका स्वच्छ पंखा अख्ख्या जळगावात नसेल. घर चालतं ते माझ्या बिबड्यांवर. होळी झाली की सुरू करायचं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकायचं. पुढे वावटळी सुटतात, धूळ बसते. सुरत, पुण्याला गेलेली आपली माणसं वर्षाचे बिबडे माझ्याकडून नेतात. ज्वारी भिजवून, आंबवून, शिजवून गरम गरम पीठ ओल्या कापडावर हातानं पसरायचं. मग ऊन. कडक ऊन लागलं तर बिबडा. नाही लागलं तर आंबूस चिखल.

मला मदतीला मागच्या विंगमधल्याच सिंधूअक्का. वयानं मोठ्या, एकट्या, हात मशीनसारखा. ग्रुपवर त्याही आहेत. नळाला पाणी कधी येणार ते ग्रुपवरच कळतं, म्हणून सगळ्यांना राहावं लागतं. ग्रुपला शिस्त आहे. गुड मॉर्निंग टाकायचं नाही. आवाजातले मेसेज टाकायचे नाहीत. अक्कांना लिहिता येत नाही. त्यांनी एकदाच बोलून विचारलं होतं, "नळले पाणी उनं का वं?" साहेबांनी तो मेसेज उडवला आणि लिहिलं, "व्हॉइस नोट नको. आणि भाषा जरा सुधारा." तेव्हापासून अक्का ग्रुपवर नुसत्या ऐकतात. म्हणजे ऐकायलाही काही नाही, सगळं लिहिलेलं. फोन माझ्याकडे आणतात, मी वाचून दाखवते. फोटोचं मात्र वाचून दाखवायला लागलं नाही.

दुपारभर मी विचार करत बसले. साहेब एवढे का चिडले असतील? आणि मला उत्तर सापडलं. एकदम हलकं वाटलं. त्यांना घाटा गेला नव्हता.

बिबड्यांचं पीठ शिजलं की तो गरम घाटा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल, बाजूला मिरचीची चटणी. त्याची वाफ जिथपर्यंत जाते त्या प्रत्येक दाराला वाटी जायची, ही आमची रीत. जुन्या कॉलनीत एका वर्षी मी एका घराला विसरले, तर ती बाई बैलपोळ्यापर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. मग आज अख्खी पुढची विंग रुसली असेल तर चूक कुणाची? वाफ सातव्या मजल्यावरच्या गच्चीवर नेली, आणि वाटी एकालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली वाटी साहेबांची भरली. आईची पितळी वाटी, तिच्यावर आईचं नाव कोरलेलं. वर ताटली झाकली. पुढच्या विंगच्या लिफ्टशी वॉचमन म्हणाला, "मावशी, तुमची लिफ्ट मागं." मी म्हटलं, "सेक्रेटरी साहेबांकडे चालले." त्यानं जाऊ दिलं.

बेल वाजवली. दाराला कॅमेरा आहे. आतून साहेबांच्या मॅडमचा आवाज आला.

"कोण?"

"मी, मागच्या विंगमधली. घाटा आणलाय."

"काय आणलंय?"

"घाटा. बिबड्यांचा. गरम आहे."

"बाहेर ठेवा."

बाहेर चपलांचं कपाट होतं. त्यावर ठेवली. आणि मी तिथंच उभी राहिले. का उभी राहिले? वाटीसाठी. आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालून देतात. मी त्या साखरेची वाट बघत उभी होते. आज घरात हे सांगते तेव्हा भाचे पोट धरून हसतात, मीही हसते. त्या वेळी कॅमेऱ्याकडे बघून थोडं हसलेही होते. आत टीव्ही लागला. मग मी जिन्यानं खाली आले.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर वाटी आली होती. चपलांच्या कपाटावर, ताटली काढलेली. आईचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

"दारासमोर खाद्यपदार्थ ठेवू नयेत. मुंग्या होतात. ही कोणाची वस्तू आहे? सिक्युरिटीने काढून टाकावी."

कोणाची. आतल्या पडद्यावर त्यांनी माझं तोंड पाहिलं होतं. आवाज ऐकला होता. तरी कोणाची.

संध्याकाळी वॉचमन वाटी घेऊन आला, घासलेली. जामनेरकडचा माणूस. म्हणाला, "टाकून द्यायला सांगितलं होतं. मी खाल्ला. राग मानू नका, आमची आई करते." मी म्हटलं, "तेल पुरलं का?" म्हणाला, "पुरलं." अख्ख्या पुढच्या विंगमधून घाट्याबद्दल एवढंच बोलणं झालं.

त्यानंतरच्या सकाळी मी आणि अक्का पातेलं घेऊन वर गेलो तर गच्चीला कुलूप. पीठ शिजलेलं, गरम. ते थांबत नाही. तसंच खाली आणलं. पलंगावर, जमिनीवर, सोफ्याच्या पाठीवर कापडं अंथरून बिबडे घातले आणि पंखा लावला. ग्रुपवर तोवर आलं होतं : गच्ची ही सुविधा आहे, वाळवणास सक्त मनाई. संबंधित महिलेने लेखी माफी ग्रुपवर टाकल्यास चावीचा विचार होईल. माफीचा मजकूरही त्यांनीच दिला होता. मी फक्त उतरवायचा. "मी गच्चीवर घरगुती धंदा करून सोसायटीची शोभा घालवली. माझ्या वागण्याची मला लाज वाटते."

पंख्यानं बिबडे वाळत नाहीत. कडा आक्रसल्या, मधे ओल राहिली. दुसऱ्या दिवशी वास सुटला. तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके आले. नवऱ्यानं खिडकी उघडली, बोळकांडीतून कुणीतरी ओरडलं, "वास येतोय, खिडकी लावा." त्यांनी खिडकी लावली. आम्ही त्या वासात जेवलो. सुरतेहून फोन येत होता, मी उचलत नव्हते. काय सांगणार? ऊन बंद केलंय म्हणून?

"लिहून टाक," नवरा म्हणाला. "आपल्याला इथंच राहायचंय."

मी लिहायला बसले. अक्का खराब झालेले बिबडे कापडावरून खरवडत होत्या. चांगलं कापड फाटू नये म्हणून हळू हळू. मी "शोभा घालवली" इथपर्यंत आले.

"काय लिखस वं?" अक्कांनी विचारलं.

"माफी."

"कसानी?"

मी खरवडलेल्या बिबड्यांकडे बोट दाखवलं.

"बिबडा कयात म्हनीसन?" त्यांनी हात थांबवला. "मंग मना बी नाव लिख. मी बी कयात."

चेष्टा नव्हती. खरंच सांगत होत्या, बिबडे त्यांनीही केले, तर माफीत आपलं नाव राहून जायला नको म्हणून.  मी लाजेचं लिहीत होते, आणि त्यात लाज कसली ते मला या बाईला समजावून सांगता येत नव्हतं. माझ्या आईनं केलं तेच मी करत होते. उन्हात बसून पीठ पसरत होते. यात लाज कुठं? असलीच तर ती पायऱ्यांवर चढून बाईचा फोटो काढणाऱ्याकडे असायला हवी होती. ती मी उचलून आणली होती, आपल्या घरी.

लिहिलेलं पुसलं. माइकचं बटण दाबलं. माझं माहेर दोंडाईचा. तीस वर्षं जळगावात पुस्तकी मराठी बोलून जीभ घासली, पण त्या वेळी तोंडातून आईचीच बोली आली.

"फोटोमा जी बाई शे, ती मी शे. माले इचारं नही अन् मना फोटो काढा. तो पहिले काढी टाका. गच्ची बठ्ठास्नी शे. आम्हीन चोरी करेल नही. मी माफी मांगणार नही."

सोडला. गच्ची सगळ्यांची, हे एकदाचं म्हणून झालं.

थोड्याच वेळात मेसेज गायब. मग मीही गायब, ग्रुपमधून काढलेली. अक्कांनी त्यांचा फोन पुढे केला, "माले बी दाबी दे ते बटन." मी दाबून दिलं. त्या म्हणाल्या, "मी सिंधू. मी बी मांगणार नही." त्याही ग्रुपबाहेर.

नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "आता पाणी कधी येणार ते कसं कळणार?"

"नळ उघडून," मी म्हटलं.

हसलो आम्ही. पण ते हसणं फार टिकलं नाही. घरात अजून वास होता. ज्वारी संपली होती. आखाजी तोंडावर आली होती.

दुसऱ्या सकाळी साहेबांच्या दाराशी उभी राहिले. रिकाम्या हातानं. "चावी पाहिजे," म्हटलं.

आतून साहेबांचा आवाज आला, "माफी लिहिली का?"

"नाही."

"मग नियम आहे."

"कुठल्या सभेत केला? आम्हाला बोलावलं होतं का?"

 दार उघडलं नाही. अजूनही उघडलेलं नाही. मी रोज सकाळी जाते. अक्का येतात, गुडघे दुखतात म्हणून पायरीवर बसतात. मागच्या विंगमधल्या आणखी दोघी परवापासून यायला लागल्यात. वॉचमन आम्हाला बघून दुसरीकडे बघतो, त्याला नोकरी आहे.

या वर्षीचं ऊन गेलं. सुरतेला फोन करून तसं सांगितलं. घर कसं चालेल मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं नाटकही करणार नाही. कुलूप मी तोडणार नाही. तोडलं तर ते मला चोर म्हणतील, आणि त्यांना तेच हवंय. कुलूप त्यांच्या हातानं उघडायचं, दिवसा, सगळ्यांसमोर. सभा लागली तर सभेत उभी राहीन, कचेरीत जावं लागलं तर जाईन, मला येते त्या बोलीत बोलेन. पुढची होळी येईल. तेव्हाही मी त्या दाराशी असेन. चावी घेईन. माफी लिहून देणार नाही.