टाकीतला कोळसा

शिरूरच्या बाहेर पोपटरावांची निकेल प्लेटिंगची शेड आहे. तिथं जालिंदर बावीस वर्षं कामाला. टाकीतलं निकेलचं हिरवं पाणी त्याच्याइतकं नितळ ठेवणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत नव्हता. हे त्याला शिकवलं याच शेडमधल्या जुन्या कारागिरानं, निमोण्याच्या खंडूआबांनी. "पाण्याचा तळ दिसला पायजे," आबा म्हणायचे, "काळवंडलं की आधी फिल्टर लावायचा, मंग चहा प्यायचा." आणि टाकीवरच्या दांडीला सळईनं दोनदा ठोकायचे. टक टक. त्या धक्क्यानं टाकीत टांगलेल्या वस्तूला चिकटलेले बुडबुडे सुटतात, नाहीतर मुलाम्यावर खड्डे पडतात.

दोन वर्षांमागं आबा गेले. पंधरवड्यातच एका सकाळी शेड उघडताना जालिंदरला आतून ती टकटक ऐकू आली. भ्यायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर त्याला सोबतच वाटली.

आबांचा पोरगा सम्राट शिकलेला, पुण्याच्या प्रयोगशाळेत काम केलेला. नोकरी सोडून तो पोपटरावांकडं आला, म्हणाला, एक छोटी टाकी द्या. भीमेच्या वाळूच्या पाण्यानं पंपाचे शाफ्ट झिजतात, त्यावर निकेलसोबत कार्बनच्या नळ्या चढवायच्या. केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या, दिसायला नुसती काजळी. निकेलमध्ये त्या सगळीकडं सारख्या बसल्या तर थर कितीतरी टणक होतो. पण त्या काजळीची खोड वाईट. पाण्यात तिचे गोळे होतात आणि ती तळाला जाते. ती पाण्यात तरंगती ठेवायची, हाच सम्राटचा सगळा खटाटोप होता. पोपटरावांनी टाकी दिली, पण बजावलं, "शनवारी शाफ्ट तपासणीला जायचा. जमलं तर जमलं, न्हाईतर टाकी मोकळी कर."

शुक्रवारी सम्राटनं काजळी मिसळली आणि ती खाली बसते का हे बघायला रात्रभर ढवळणी बंद ठेवली. जालिंदर त्या दिवशी भांडगावला भाचीच्या साखरपुड्याला गेला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी पहिला आला तो. दार उघडलं, टक टक झालं, आणि समोर बघतो तर छोट्या टाकीत पाणी काळं ठिक्कर! "अरारारा! एक दिस न्हवतो तर काय करून ठिवलं हे!" त्यानं फिल्टरचा पाइप टाकीत सोडला. बावीस वर्षांचे हात, त्यांना विचार करायला लागतो होय? पुन्हा पुन्हा फिरवून तासाभरात पाणी हिरवंगार झालं. समाधानानं चहाला वळला, तर खांबावर सम्राटच्या अक्षरातली चिठ्ठी: हात लावू नये, पाणी काळंच राहू द्यावं.

जालिंदरनं ती दोनदा वाचली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आणि तेव्हा त्यानं जे केलं ते चुकून नव्हतं. पाणी साफ करायच्या कोळशाच्या पुडीचं पोतं शेजारीच होतं. पाणी पुन्हा काळं दिसावं म्हणून त्यातली दोन ओंजळी पूड त्यानं टाकीत टाकली आणि काजळी अडकलेलं फिल्टरचं काडतूस, म्हणजे आतली घड्यांची गाळणी, काढून पिशवीत गुंडाळून आपल्या कपाटात कोंबलं.

सम्राट आला, टाकीत वाकला. कोळसा तळाला चालला होता. "बसली की वो मामा खाली," एवढंच म्हणाला. तरी तपासणी आजच म्हणून त्यानं शाफ्ट टाकीत सोडला. निघाला तो खरखरीत, चरे पडलेला. तपासणीत नापास. सोमवारी टाकी रिकामी झाली, आणि सम्राट दौंडला एका गोदामात कामाला लागला.

त्यानंतर टकटक तीच, वेळ तीच, पण ऐकवेना. जालिंदर दांडीला हात लावायलाही कचरू लागला. जेवणाची चव गेली. बायको धुरपदा म्हणाली, "काही लागिर झालं असंल. दहीभात उतरून टाकते." तो खेकसला, "आबांनी जित्तेपणी भूत मानलं न्हाई, ते मेल्यावर भूत व्हतील व्हय?" भूत नव्हतं, तर मग कपाटातली ती पिशवी होती. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

सात महिन्यांनी एका रविवारी पिशवी मांडीवर घेऊन तो दौंडच्या एसटीत बसला. दार सोजरबाईंनी, म्हणजे आबांच्या कारभारणीनं उघडलं. "जयभीम, वहिनी," म्हणत तो आत गेला. सम्राटसमोर त्यानं काडतूस ठेवलं. "तुझी पावडर कवाच बसली न्हवती. म्या काढली. आन् टाकीत कोळसा टाकला, तो बी म्याच." आबांची टकटक ऐकली म्हणून हात चालला, हेही ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं. मेलेल्या माणसावर किती ढकलायचं?

सम्राटनं काडतूस उलगडलं. घडी न् घडी सारखी काळी होती, गोळा कुठंच नव्हता. त्यानं प्रत्येक घडीवरून बोट फिरवलं. "म्हंजी रातभर तरंगत व्हती," तो म्हणाला. "सात महिनं मी सोताला नालायक म्हणतोय, मामा. एक शबूद बोलला असता तर..."

"शिव्या दे," जालिंदर म्हणाला. सम्राटनं दिल्या नाहीत. आत सोजरबाईंनी चहा ठेवला होता, तो तिघांपैकी कुणीच प्याला नाही.

सोमवारी जालिंदरनं पोपटरावांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तर गेली म्हणून डब्याची पिशवीही उचलून ठेवली होती. पोपटराव तासभर ओरडले आणि शेवटी म्हणाले, "बोलाव त्या पोराला. टाकी देतो. आन् तू त्या टाकीच्या दहा फूट लांब ऱ्हायचं."

मंगळवारी त्यानं सकाळी शेड उघडली आणि दारातच थांबला. काही वाजलं नाही. सुटलो, असं वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला. चांगला अर्धा तास उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की आता आबा खरंच गेले, आणि तो लेकरासारखा हमसून हमसून रडला.