फाल्गुनात उघडी पडलेली नागवेल

अकोल्यातल्या आमच्या घरामागे कडुलिंब आहे. त्याच्या खाली काही येत नाही, असं सगळे सांगायचे. गुलाब लावला, वाळला. मिरची लावली, ती नुसतीच उंच गेली. मग मी उन्हाची झाडं आणणं बंद केलं.

माझं माहेर अंजनगावकडचं, पानमळ्याचं. शेवरीच्या सावलीत नागवेल आणि वेलीच्या पायाशी पानपिंपरी, म्हणजे औषधातली पिंपळी, हे लहानपणी रोज पाहिलं होतं. मला न्हाण आल्यावर मळ्यात जाणं बंद झालं. बाईचा विटाळ वेलीला सोसत नाही म्हणे. आई तर जन्मभर बांधावर उभी राहून भाकरीचं गाठोडं आत द्यायची.

तोच मळा गेल्या पावसाळ्यात इथे लावला. सगळ्यात वर लिंब. त्याच्या खाली बांबू रोवून नागवेल चढवली. मध्ये कर्दळ आणि धोपा, म्हणजे तुमच्याकडचं अळू. जमिनीलगत पानपिंपरी, आणि पश्चिमेच्या कुंपणाला हळद. वरच्यानं खालच्याला सावली धरायची. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून सांगायची मी आणि करायची सून. चांगलं जमलं होतं.

होळीच्या तोंडावर नणंद अकोटहून आली. जेवणावर तिला पान लागतंच. पान तोडायला मागे गेली आणि तिथूनच ओरडली.

"वयनी! वेलीले कोनं हात लावला व?"

"रोजच लावतो. पानी काय तुहा भाऊ वरून येऊन देईन?"

"अशात कोनं लावला, थे इचारून राहिली मी."

जाऊन पाहिलं तर पानं करपलेली, माना टाकलेल्या. सून मोरीपाशी भांडी घासत होती. म्हणाली, "मीच पानी देलं, आत्या. पाळी होती माही. झाडाले काय समजते?"

"घ्या! सासू पानमळ्याची अन् घरात हे असं."

नणंद दुसऱ्या दिवशी गेली, पण सून मागच्या अंगणात जाईना. पाणी द्यायची वेळ झाली की तिला घरातलीच कामं सुचायची. एका संध्याकाळी पोळ्या लाटताना तिनं विचारलं, "आई, खरंच माह्यानं झालं असन काय?"

मी नाही म्हटलं. पण मला तरी कुठे खात्री होती? मीही तेच ऐकत वाढले होते. वेल मेली तर दुसरी आणता येते. हे एकदा डोक्यात बसलं की बाई बांधावरच राहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची घेऊन मी वेलीपाशी बसले. थोड्या वेळात डोकं तापलं. वर पाहिलं तर लिंब पार झडलेला, नुसत्या काड्या. हळदही वाळून खाली बसलेली. ऊन सरळ वेलीवर येत होतं. मग पानं नीट पाहिली. करपली होती ती पश्चिमेचीच. कर्दळीच्या आड होती ती हिरवीगार. विटाळाला पश्चिम दिशा ओळखता येत असेल, असं काही मी कधी ऐकलं नाही.

सुनेला हाक मारली. "इकडं ये. माहं जुनं लुगडं आन, पांढरं. बांध इथं वरतून."

"मी बांधू?"

"मंग काय मी चढू?"

तिनं लुगडं बांधलं. पश्चिमेला कढीपत्ता लावला, कारण तो फाल्गुनात लिंबासारखा उघडा होत नाही. आणि आम्ही वाट पाहत राहिलो. लिंबाला तांबूस पालवी आली तरी वेल तशीच होती. मी रोज जाऊन बघत होते.

मग एका सकाळी सून मागून ओरडली, "आई, डोळा फुटला!" पेरापाशी हिरवं टोक होतं, तांदळाएवढं. "फुटन नाही तं काय," मी म्हटलं. त्या दुपारी मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

चैत्रात नणंद परत आली. जेवण झाल्यावर सून उठली, मागून एक पान तोडून आणलं आणि तिच्यापुढे धरलं.

"आत्या, आज दुसरा दिवस हाये माहा. सांगून ठेवते."

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी कातरत होते, कातरत राहिले. तिनं पान उलटसुलट केलं, पदरानं पुसलं, देठ खुडला.

"चुना आन," ती म्हणाली.