फुकटचा सल्ला

माझे वडील चंद्रपूरला फॉरेस्ट गार्ड होते, त्यांनीच मला हरणांचा माग काढायला शिकवलं. इंग्लंडात कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी आली, पण बंदुकीने हरणांची शिकार चालूच राहिली, त्या वर्षी मी नॉटिंगहॅमजवळच्या शिकारी क्लबात नवख्यांना तेच फी घेऊन सांगत होते. तिथल्या जुन्या गाइडला ते खुपलं. त्याच्या तक्रारीवरून कमिटीने सर्टिफिकेटशिवाय पैसे घेऊन सल्ला देण्यावर बंदी घातली.

"आता तोंड बंद ठेवा," तो हसत म्हणाला.

मी पेटले. सेक्रेटरीला विचारलं, "आणि फुकट सांगितलं तर?"

"बोलायला कोण अडवणार?"

मग दर शनिवारी दुपारी पबमध्ये, गाइडच्या शेजारच्याच टेबलावर बसून, मी सगळं फुकट शिकवलं. वर्षभरात त्याची गिऱ्हाइकं संपली. क्लब सोडताना त्याने हात पुढे केला. मी तो घेतला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.